पन्नास गठ्ठे आणि फौजदारबाई

आमच्या वह्यांच्या कारखान्यात त्या शनिवारी संध्याकाळी जो आरडाओरडा झाला, तो ऐकून समोरच्या गिरणीतला माणूस आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन धावत आला होता. पीठभरल्या अंगानं दारात उभा राहून तो विचारत होता, "कुठंय? कुठंय?" आणि त्याला उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. आग वगैरे काही नव्हती. पण होतं काय, हे सांगायचं तर मला फौजदारबाईंपासून सुरुवात करावी लागेल.

फौजदारबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे उघड आहे. त्यांच्या दारावरच्या पाटीवर त्यांच्या पदाचं एवढं लांबलचक नाव लिहिलं आहे, की ते वाचून होईपर्यंत जखम भरून यावी. अर्थ एवढाच, की कामावर कुणाला इजा झाली, कुणी दुखण्यानं अंथरूण धरलं, तर त्याला पुन्हा कामावर उभं करायचं, हे बाईंचं काम. जिन्याखाली त्यांची खोली. आत एक टेबल, पाठ असलेल्या दोन खुर्च्या, गरम पाण्याचं घमेलं, कपड्यांच्या चिमट्यांनी भरलेली बरणी आणि भिंतीवर आमच्या प्रत्येक टेबलाचं हातानं काढलेलं चित्र. कुठल्या कामाला हात किती वेळा वर जातो, किती वजन उचलावं लागतं, कुठं वाकावं लागतं, सगळं त्यावर बारीक अक्षरात. बाई बुटक्या, पन्नाशीच्या पुढच्या, कमरेला कायम एक रुंद पट्टा आवळलेला. आम्हाला वाटायचं, रुबाबासाठी बांधतात. आणि बोलणं असं, की चोरी केली नसली तरी कबूल करावीशी वाटावी. म्हणून फौजदारबाई.

त्यांची पद्धत आम्हाला पहिल्यांदा फार विचित्र वाटायची. माणूस पडून तीन दिवस झाले, की यांचा फोन गेलाच म्हणून समजा. "दुखतंय का?" असं कधी विचारणार नाहीत. "आज स्वतःच्या हातानं काय काय केलंत?" हा पहिला प्रश्न. दुसऱ्या आठवड्यात निरोप यायचा: "कामाला नका येऊ, चहाला या." कारखान्यात चहाची सुट्टी होते दहा मिनिटांची, तेवढ्यासाठी त्या गळ्यात हात बांधलेल्या माणसाला बोलावून घ्यायच्या. तो येऊन टेबलाशी उभा राहायचा, दोन शिव्या द्यायचा, चार खायचा आणि घरी जायचा. स्वतः बाईही चहाच्या वेळी हजर असायच्या. त्यांच्यासाठी ऑफिसातून कप-बशी यायची आणि बाई तिला हात न लावता ती तशीच ठेवून जायच्या. आम्ही म्हणायचो, बाईंना आमच्यातला चहा चालत नाही. किती शहाणे होतो आम्ही!

आता भाऊजी. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मला कारखान्यात त्यांनीच चिकटवलं आणि मी पहिल्या दिवशी भर हॉलमध्ये "अहो भाऊजी" अशी हाक मारली, तेव्हापासून अख्खा कारखाना त्यांना भाऊजी म्हणतो. गेटवरच्या पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांचे मेहुणे. ताई म्हणते, "इतके भाऊ असून एकही घरी येऊन पंखा दुरुस्त करत नाही."

आम्ही तीन नंबरच्या टेबलावर. चोवीस वह्या घ्यायच्या, एकेक उघडून बघायची, उलटसुलट रचायच्या, हातप्रेसखाली दाबायच्या, खाकी कागदात गुंडाळायच्या, वरून सुतळीनं चौकडीत बांधायच्या आणि आपल्या नंबरची चिठ्ठी चिकटवून गाडीवर ठेवायच्या. झाला एक गठ्ठा. भाऊजींचा नंबर सतरा. त्यांचा गठ्ठा म्हणजे बघत राहावा असा. कोपऱ्याला कोपरा, कडेला कड. एखादी वही केसभर बाहेर आलेली त्यांना सहन होत नाही, आणि याच स्वभावानं घात केला. प्रेसची फळी खाली येत असताना एका वहीचा कोपरा बाहेर दिसला, आणि या माणसानं तो आत सारायला उजव्या हाताचा अंगठा घातला.

शस्त्रक्रिया झाली, चार महिने घरी गेले. अंगठा राहिला, पण वाकेना, आणि त्यात धरण्याची ताकद उरली नाही. भाऊजींनी बाईंच्या सांगण्यावरून कपड्यांचे चिमटे उघडझाप करून करून घरभर लावले. पडद्यांना चिमटे, कॅलेंडरला चिमटे, माझ्या शर्टाच्या कॉलरला मागून चिमटा, तो मी तसाच बाजारात फिरवून आणला. ताईला कपडे वाळत घालायला एक चिमटा मिळेना.

हसत होते सगळे, पण भीती प्रत्येकाच्या मनात एकच होती: गेटवरची खुर्ची. ज्याचं काम हातातून गेलं, त्याला आमच्याकडे काढत नाहीत, गेटवर पहारेकऱ्याशेजारी खुर्ची देतात. तिथं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचं. भाऊजींच्या आधी दोघं तिथं बसले. वर्षभरात ते इतके म्हातारे दिसायला लागले, की पाहवेना. भाऊजी फक्त एकदाच बोलले त्यावर. म्हणाले, "त्या खुर्चीत बसण्यापेक्षा मी घरी चिमटे मोजत बसेन."

बाईंनी साहेबांशी भांडून ठरवून घेतलं होतं. सहा आठवडे. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन तास, नुसत्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. मग चार तास, वह्या तपासायच्या. मग हळूहळू प्रेस, जिला बाईंच्याच हट्टानं आता समोरून जाळी बसली होती. चौथ्या आठवड्यापासून पूर्ण पाळी, गाठीसकट. आणि सहाव्या शनिवारी परीक्षा. इतरांइतके, म्हणजे पन्नास गठ्ठे पाळीत झाले, तर तीन नंबरवरची जागा भाऊजींची. नाही झाले, तर खुर्ची.

आणि इथं आम्ही आमची अक्कल पाजळली.

आम्ही म्हणजे मी, लंबू आणि मावशी. लंबू नावाप्रमाणेच उंच, वाकून काम करतो म्हणून कायम नमस्कार केल्यासारखा दिसतो. मावशी आमच्यात सगळ्यांत जुनी, हाताबरोबर तोंडही चालतं. चौथ्या आठवड्यात पहिल्या दिवशी भाऊजींचे गठ्ठे भरले अठरा. संध्याकाळी त्यांचा चेहरा बघवेना. मला तर रडूच यायला लागलं. दुसऱ्या दिवशी मी सतरा नंबरच्या चार चिठ्ठ्या उचलल्या आणि माझ्या गठ्ठ्यांवर चिकटवल्या. लंबूनं बघितलं. त्यानं पाच चिकटवल्या. मावशी म्हणाली, "मेल्यांनो, मला का नाही सांगितलंत?" आणि तिनंही हात साफ केला.

भाऊजी मान खाली घालून काम करतात, किती झाले ते मोजत नाहीत. मोजणी करणारा गाडीवर चिठ्ठ्या बघून आकडा सांगतो, तोच खरा. त्यानं त्या दिवशी सांगितलं, "सतरा नंबर, एकतीस!" भाऊजी चमकले. "एकतीस? नक्की?" पाचव्या आठवड्यात आकडा बेचाळीसवर गेला. तुम्हाला काय सांगू, घरी जाताना भाऊजी शीळ घालत होते! लग्नाला वीस वर्षं झाली, ताईनं त्यांची शीळ पहिल्यांदा ऐकली. आम्ही तिघं तर हवेतच. आपण एका माणसाचा संसार वाचवतोय, असं वाटून मी रोज थोडा जास्त जेवायला लागलो.

पाचव्या शनिवारी पाळी सुटली आणि आम्ही हात धुवायला निघालो, तेवढ्यात मागून आवाज आला. "तिघांनी इकडे या."

फौजदारबाई गाडीजवळ उभ्या होत्या. भाऊजी आधीच निघून गेले होते. बाईंनी सतरा नंबरचे सगळे बेचाळीस गठ्ठे उतरवून घ्यायला लावले होते आणि जमिनीवर चार रांगा लावल्या होत्या. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. 

"ही रांग लंबूची," बाई म्हणाल्या. "सुतळी दोनदा फिरवतो, कारण हात लांब आहेत. ही मावशींची. गाठ मारून झाली की टोक आत खोचतात, स्वच्छ काम. आणि ही तुझी. टोक तसंच लोंबत सोडतोस, आळशी कुठला. उरले सव्वीस. ते त्यांचे. त्यांच्या प्रत्येक गाठीशेजारी सुतळी पिंजलेली आहे, बघ. तीन-तीन, चार-चारदा निसटलेली."

आमच्या डोक्यात हे आलंच नव्हतं! चिठ्ठ्या बदलल्या, नंबर बदलले, मोजणाऱ्याला फसवलं. पण गाठ ज्याच्या हाताची त्याचीच असते, हे रोज शेकड्यानं गाठी मारणाऱ्या आम्हा तिघांना सुचलं नाही. आणि खोलीत बसून चित्रं काढणाऱ्या या बाईला ते कसं कळलं, हाही प्रश्न त्या वेळी पडला नाही, इतकी पाचावर धारण बसली होती.

मी धीर करून म्हणालो, "बाई, आम्ही मदतच करत होतो."

"मदत?" बाईंचा आवाज चढला नाही, पण चढला असता तर बरं झालं असतं. "अंगठ्यात धरायला ताकद नाही, म्हणून पहिला पीळ निसटतोय. हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी काहीतरी केलं असतं. टेबल बदललं असतं, गाठ बदलली असती, डॉक्टरांकडे गेले असते. मला रोज काय कळत होतं? एकतीस, छत्तीस, बेचाळीस. मी खूश! दोन आठवडे तो माणूस एकटा त्या गाठीशी झगडतोय आणि आपण बरे होतोय असं समजतोय. तुम्ही त्याला परत आणत नव्हता. त्याच्या जागेवर तुम्ही तिघं उभे होतात."

मावशी खाली बसली आणि आपल्या गठ्ठ्यांवरच्या सतरा नंबरच्या चिठ्ठ्या नखानं सोलून काढायला लागली.

बाई तशाच साहेबांकडे गेल्या. आम्हाला वाटलं, आता आमची तिघांची कामावरून काढल्याची पत्रं निघणार. दाराबाहेर आम्ही कान लावून उभे. आतून ऐकू आलं, "आकडे चुकले आहेत. चूक माझी आहे. मी गाडीपाशी जाऊन बघायला हवं होतं, कागदावर विसंबले. मला आणखी एक आठवडा द्या." आमचं नावसुद्धा घेतलं नाही बाईंनी. साहेब बराच वेळ कुरकुरले. शेवटी म्हणाले, "दिला. पण पन्नास म्हणजे पन्नास. एक कमी झाला, तर गेटवर." म्हणजे हातात दोन आठवडे उरले. बाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "आज घरी जाऊन तू त्यांना सांगायचं. मी नाही सांगणार."

ती संध्याकाळ मला जन्मात विसरता येणार नाही. ताई स्वयंपाकघरात भांडी लावत होती, भाऊजी शीळ घालत नखं कापत होते, तीही डाव्या हातानं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. शीळ थांबली.

"माझे किती?" भाऊजींनी विचारलं.

"सव्वीस."

"बेचाळीसातले सव्वीस." त्यांनी अंगठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मला वाटलं, जमतंय."

एवढंच म्हणाले. ओरडले असते, चार थोबाडीत दिल्या असत्या तर मी आनंदानं खाल्ल्या असत्या. ताईनं मात्र कसर भरून काढली. "तुला अक्कल कधी येणार रे? लहानपणी माझ्या गणिताच्या वहीत तू उत्तरं लिहून ठेवायचास, तेव्हाही मी नापास झाले होते!" मी मान खाली घालून उभा. भाऊजी उठले, कपाटातून सुतळीचा गुंडा काढला, जेवणाची चार ताटं एकावर एक ठेवली आणि ती बांधायला लागले. पहिला पीळ मारला, अंगठा ठेवला, सुतळी निसटली. पुन्हा. पुन्हा. मी पुढं हात केला, तर ताईनं माझ्या हातावर पळी मारली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दारावर थाप पडली आणि फौजदारबाई आत! हातात पिशवी, पिशवीत आमच्या कारखान्याच्या चोवीस वह्या. त्यांनी त्या कोपऱ्यातल्या बुटक्या लाकडी पेटीवर रचल्या. "टेबल उंच पडतं," म्हणाल्या. "वरून वजन टाकून ओढायचं, नुसत्या हातानं नाही." मग सुतळी घेतली. "तुमची गाठ अंगठ्यावर उभी आहे. ती विसरा. आधी टोकाला असा फास करून घ्या. सुतळी गठ्ठ्याभोवती फिरवा, या फासातून काढा आणि उलटी ओढा. ओढलं की फासच धरून ठेवतो. अंगठ्याला काही कामच नाही. मग वरून एक अडकवण, म्हणजे टोकाचा एक वेढा, झालं."

त्यांची बोटं अशी चालली, की मी बघतच राहिलो. दोन श्वासांत गठ्ठा तयार. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, असा हात मी मावशीचाही बघितलेला नाही. गाठ छोटी, चपटी, बाजूला झोपलेली. आणि सरळ होताना बाईंनी कमरेच्या पट्ट्यावर हात दाबला आणि तोंड वाकडं केलं.

ताई बायकांच्या नजरेनं बघत होती. तिनं पाठ असलेली खुर्ची पुढं केली आणि विचारलं, "तुम्ही हे काम केलंय ना?"

बाई बसल्या. म्हणाल्या, "अकरा वर्षं. दुसऱ्या एका कारखान्यात, साबणाच्या. ही माझी गाठ. एक गठ्ठा उचलताना पाठ गेली. चौदा महिने घरी होते. एकदाही कुणाचा फोन आला नाही. काढलं नाही मला, वाईटही कुणी बोललं नाही. विसरले, एवढंच. मग एक दिवस मीच गेले. माझ्या जागेवर दुसरी मुलगी उभी होती. सगळे खूप गोड बोलले. मला खुर्ची दिली आणि ऑफिसातून कप-बशीत चहा मागवला. रोज ज्यांच्याबरोबर पेल्यातून चहा प्यायले, त्यांनी मला पाहुणीसारखा चहा दिला. तेव्हा कळलं, की आपण आता इथल्या नाही."

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या टेबलावरची ती न प्यायलेली कप-बशी आली. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की मी उगाच उठून पंखा दुरुस्त करायला लागलो. तो पंखा त्या दिवशी खरंच दुरुस्त झाला.

आणि मग ते दोन आठवडे! काय सांगू, काय दिवस होते ते! भाऊजींनी घरात दिसेल ते बांधलं. ताटं बांधली, उशा बांधल्या, ताईच्या चपला जोडीनं बांधल्या. कारखान्यात त्यांच्यासाठी टेबलाशेजारी पेटी आली. पहिल्या दिवशी नव्या गाठीनं गठ्ठे झाले तीस. खरे तीस! मी नाचायचाच राहिलो. मग चौतीस, मग एकोणचाळीस. रोज संध्याकाळी बाई स्वतः गाडीपाशी येऊन गाठीवरून बोट फिरवायच्या आणि मगच आकडा सांगायच्या. आम्ही तिघांनी सतरा नंबरच्या चिठ्ठ्यांकडे बघायचंही सोडलं. शेवटच्या शुक्रवारी आकडा सत्तेचाळीस. शुक्रवारी कुणाला नीट जेवण गेलं नाही.

शनिवारी साहेब घड्याळ घेऊन खाली आले. बाई भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या. भोंगा झाला आणि भाऊजींनी पहिली वही उघडली.

चहापर्यंत तेरा. जेवणापर्यंत सव्वीस. लंबू हळूच म्हणाला, "बघ, सव्वीस," आणि मला हसू आलं. दुपारी तीनच्या सुमारास भाऊजींचं बोट सुतळीनं कापलं, त्यांनी पट्टी लावली आणि पुढं सुरू. चाळीस झाले तेव्हा दोन नंबरचं टेबलही मान वर करून बघायला लागलं. पंचेचाळीसला एक नंबरचं. हॉलमध्ये प्रेसचा करकर आवाज सोडला तर शांतता. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास! घड्याळात अजून नऊ मिनिटं! मावशीनं माझा दंड इतका दाबला, की तो आठवडाभर काळानिळा होता. पन्नासाव्याच्या वह्या तपासून, रचून ठेवलेल्या होत्या. नुसतं दाबायचं आणि बांधायचं.

आणि भाऊजी थांबले.

एकोणपन्नासाव्या गठ्ठ्याकडे बघत होते. मीही बघितलं. मधली एक वही, कागदाखालूनही कळत होतं, केसभर बाहेर आली होती.

"राहू दे हो!" मी ओरडलो. "कोण बघतंय!"

भाऊजींनी त्या वहीकडे बघितलं. आत सारायला बोट घातलं नाही. गाठ सोडली! अख्ख्या हॉलनं एकदम श्वास ओढल्याचा आवाज झाला. कागद काढला, वह्या सरळ केल्या, पुन्हा प्रेसखाली घातल्या. माझे हात आपोआप पुढं निघाले. नुसता कागद धरला असता तरी मिनिट वाचलं असतं! वर बघितलं, तर फौजदारबाई भाऊजींकडे बघतच नव्हत्या, माझ्या हातांकडे बघत होत्या. मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. इतकं अवघड काम मी त्या कारखान्यात दुसरं केलेलं नाही.

एकोणपन्नास पुन्हा बांधून झाला तेव्हा तीन मिनिटं उरली होती. पन्नासावा प्रेसखाली गेला. कागद. एक घडी, दुसरी घडी. फास. सुतळी एका बाजूनं फिरली, दुसऱ्या बाजूनं फिरली, फासातून निघाली. भाऊजींनी अंगाचं वजन टाकून ओढली आणि भोंगा वाजायला लागला. आमचा भोंगा लांबडा आहे, चांगले दहा-बारा आकडे मोजून होतात. तो वाजत असताना भाऊजींनी वरची अडकवण टाकली, चिठ्ठी चिकटवली, गठ्ठा उचलला आणि गाडीवर ठेवला. भोंगा थांबला.

 सगळे साहेबांकडे बघत होते. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "भोंगा सुरू झाला तेव्हा गाठ पुरी झाली नव्हती," ते म्हणाले.

"साहेब," फौजदारबाई भिंतीपासून पुढं झाल्या, "भोंगा संपायच्या आत कुणी जागा सोडली, तर तुम्ही काय करता?"

"अर्धी रजा मांडतो," साहेब म्हणाले. "नियमच आहे. भोंगा संपेपर्यंत पाळी असते."

म्हणून झालं आणि मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. आधी त्यांचे कान लाल झाले. मग हसायला लागले. मग जो आरडाओरडा झाला, तो ऐकून गिरणीवाला बादली घेऊन आला. लंबूनं भाऊजींना उचललं आणि त्यांचं डोकं दिव्याच्या छत्रीला आपटलं. मी रडत होतो, मला लाज वाटत नाही सांगायला. भाऊजी वरून ओरडत होते, "खाली ठेव रे गाढवा, आणखी चार महिने घरी बसवतोस का!"

या गोंधळात बाई एकट्या गाडीपाशी होत्या. एकेक गठ्ठा बघत होत्या, पहिल्यापासून. प्रत्येक गाठीवरून बोट फिरवत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा त्या पन्नासाव्यावर पोचल्या होत्या. "सगळे एकाच हाताचे," त्या म्हणाल्या. पन्नास छोट्या, चपट्या, बाजूला झोपलेल्या गाठी. बोट मात्र त्यांनी शेवटच्या गाठीवरून उचललं नाही. डोळे भरले होते त्यांचे. मी तिकडे न बघितल्यासारखं केलं.

पाळी सुटली होती, पण त्या दिवशी कोण घरी जातंय! मावशीनं चहाची किटली पुन्हा भरून आणली. ऑफिसातला माणूस सवयीनं बाईंसाठी कप-बशी घेऊन आला. भाऊजींनी ती त्याच्या हातातून घेतली आणि गिरणीवाल्याला दिली. "पाहुणे हे आहेत," म्हणाले.

मग मावशीनं कपाटातून आमच्या टेबलाचे पेले काढले. खिळ्यानं खुणा कोरलेले चौघांचे चार पेले, आणि मागे पडलेला एक बिनखुणेचा. तो तिनं पदरानं पुसला, काठोकाठ भरला आणि बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला. खुर्ची कुणी दिली नाही, त्यांनी मागितली नाही. आमच्या टेबलाला टेकून, आमच्यासारख्याच उभ्या राहून त्यांनी एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," फौजदारबाई म्हणाल्या.

"मग सोमवारपासून आपली आपण घालून घ्यायची," मावशी म्हणाली.